धुतल्यावरचं माप

आंधळगाव, २५ ऑगस्ट

माननीय श्री. चंद्रभानजी यांस,

आपल्या कन्येने समक्ष येऊन दिलेल्या माहितीबद्दल आमची हातमाग महिला संस्था आपली आभारी आहे. सदर माहिती संस्थेस अत्यंत उपयुक्त

जाऊ दे. ही दफ्तराची मराठी मले चांगली येते दादा, संस्थेची सचिव म्हणून रोज हीच लिहिते. पण सख्ख्या भावाले 'सदर' लिहिताना हात अडला. अन् मले तुझ्याशी भांडाचं बी आहे, ते या मराठीत जमत नाही. तं घरच्या बोलीतच लिहिते. आभार पहिले मानले, तेवढं ध्यानात ठेव.

तुझी रुचिका काल आली. तान्हा पोळा होता, गल्लीत पोट्टे लाकडी बैल ओढत दारोदार फिरून राहिले होते. त्यांच्या मांगून ही उंच पोरगी चपला काढून ओसरीवर चढली. मी ओळखलं नाही, सत्यभामा आत्यानं ओळखलं. "हिचं कपाळ आपल्या घरचं आहे," म्हणाली अन् बापाचं नाव विचारलं. पोरीनं तुझं नाव सांगतलं तशी आत्या उठून आत गेली, ते चहाले बी बाहेर आली नाही. आत्या तुझं नाव घेत नाही, हे तुले माहीत असेलच. तुझा विषय निघाला तं 'तो मोजणारा' म्हणते.

पोरीनं निरोप नीट सांगतला. सरकार जे जे विकत घेते, दवाखान्याची चादर असो का शाळेची सतरंजी, त्याचा नवा कायदा होऊन राहिला. आमदारांची समिती नागपुरात बसून लोकांचं ऐकणार आहे, अन् ज्याले बोलाचं त्यानं आधी नाव द्याचं. संस्थेनं नाव द्यावंच, असा तुझा निरोप. मी म्हटलं, बाबा सोता काहून नाही आले? तं ती म्हणे, तुम्ही दोघं बोलत काहून नाही तेच मले कोणी सांगतलं नाही. बाप्पा! पोटच्या पोरीले बी सांगतलं नाही तू? मंग मी सांगतलं.

सांगतलं ते असं. तू सरकारी दवाखान्यात भांडारपाल होता, अन् आमच्या संस्थेले त्याच दवाखान्याच्या चादरींचं काम भेटलं होतं. सारे माग चालू होते. कागदावर जेवढी लांबी-रुंदी लिहिली होती तेवढीच आम्ही विणली, एक बोट इकडं नाही का तिकडं नाही. पण चादरी आजारी माणसासाठी होत्या. आपल्या आईनं काय शिकवलं? कोऱ्या कपड्यावर आजारी माणूस निजवत नाही, ताण्याच्या सुताले लावलेली खळ अंगाले टोचते. तं आत्यानं सगळ्या बायांले घेऊन त्या चादरी तलावावर नेल्या, खळ निघेतोवर धुतल्या, काठच्या पाळीवर वाळवल्या अन् घड्या घालून तुझ्याकडं पाठवल्या.

सुती कपडा धुतल्यावर आटते. खळ गेली की वजनात बी उतरते. कोणाच्या डोक्यात आलं नाही. तुझ्या टेबलावर फूटपट्टी लागली अन् चादरी लांबीत बी कमी भरल्या, वजनात बी कमी भरल्या. तू 'परत' लिहिलं. एवढंच झालं असतं तं दुसऱ्या विणल्या असत्या, पण माल परत आला म्हणून संस्था सरकारी कामातून बाद झाली. तेव्हापासून आमच्या मागांवर जाळे लागून राहिले. अर्ध्या बाया बिड्या वळतात, बाकीच्या दुसऱ्याच्या धानात रोवण्याले जातात.

अन् शाळेत असताना तू तापात निजला होता, तेव्हा आईनं नवी चादर धुऊनच खाली टाकली होती. म्हणजे तुले माहीत होतं दादा. चादर कमी काहून भरली, हे त्या खोलीत फक्त तुले माहीत होतं. आत्याचा राग चादर परत केल्याचा नाही, तू काहीच बोलला नाही याचा आहे. माझा बी तोच आहे.

रुचिकानं सारं ऐकलं. जाताना विचारे, मंग त्या चादरींचं काय केलं? आत्यानं त्या विकू दिल्या नाहीत. ज्याच्या घरी आजार, त्याच्या घरी एक, असं करत साऱ्या गावात गेल्या. शेवटची एक आत्याच्या पेटीत आहे. माझ्या शेवटच्या दुखण्यात हीच खाली टाका, असं तिनं सगळ्यांले सांगून ठेवलं आहे.

आम्ही नाव देतो. संस्था पुन्हा पात्र झाली नाही तं दिवाळीनंतर उरलेले माग विकून टाकाचे, असं सभेत ठरलं आहे, म्हणून देतो. तू वेळेवर कळवलं नसतं तं आम्हाले काही समजलंच नसतं. त्याचे आभार. हे संस्थेचे आहेत, माझे नाहीत.

रुखमिणी


आंधळगाव, २१ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर भेटलं. एवढं लांब पत्र तू आयुष्यात कोणाले लिहिलं नसशील. त्यात 'कशी आहेस' हा एक शब्द नाही, सगळा कायदाच आहे. तरी मी दोनदा वाचलं.

मी समितीसमोर काय म्हणणार होती, ते आता सांगाले लाज वाटते. आम्ही गरीब बाया आहोत, हातमाग आपली परंपरा आहे, आम्हाले काही राखून ठेवा, असं लिहून काढलं होतं. तू लिहिलं की दया मागू नका, तिथं दया मागणारे गंज येतात, ढिगानं. एकच मागा. अंगाखाली, अंगावर वापराचा कपडा आधी धुवा अन् मंग मोजा, मंग तो कोणाचा बी असो. अन् माल परत केला तं कारण लिहून द्या अन् बाद करण्याआधी एकदा म्हणणं ऐकून घ्या. खरं सांगते, इतकं सरळ आमच्यापैकी कोणाले सुचलं नव्हतं. इतके दिवस आम्ही 'आमची चादर चांगली' म्हणून भांडून राहिलो. 'मोजणं चुकीचं' असं म्हणता येते, हे ठाऊकच नव्हतं. याचे आभार मात्र माझे आहेत.

सभेत वाचून दाखवलं तं आत्या खूष झाली. विचारे, हे कोणी सांगतलं? मी म्हटलं, नागपूरचा एक वकील आहे. आत्या म्हणे, वकील शहाणा आहे, त्याले दिवाळीचं बोलाव. तं तुले असं वकील करून टाकलं आहे मी. राग मानू नको.

एक मागते. त्या दिवशी तू तिथं येऊ नको. आत्या येणारच म्हणून बसली आहे, अन् तुले पाहिलं तं ती भर सभेतून उठून जाईल. मंग मले बोलणं जमाचं नाही. रुचिका फोनवर म्हणाली की तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, तं तसं बी उन्हातान्हात फिरू नको. डोळ्यांचं लवकर कर. त्यात कंजुषी नको.

रुखमिणी


आंधळगाव, १२ ऑक्टोबर

दादा,

येऊ नको म्हटलं होतं. तू कधी ऐकलं का कोणाचं? बरं झालं ऐकलं नाही.

तुले समोरचं नीट दिसत नव्हतं, तं काय काय झालं ते मीच सांगते. मांगच्या बाकावर तू कधी येऊन बसला मले समजलंच नाही. माझं नाव पुकारलं तशी मी उठली. तू लिहिलं तसंच बोलली, त्यात आत्याचा तलाव माझ्या पदरचा घातला. अध्यक्ष आमदार भला माणूस होता, मान हालवून राहिला होता. पण बाजूले बसलेला तो अधिकारी, चष्मा कपाळावर ठेवणारा, त्यानं विचारलं: बाई, ज्याचा माल कमी भरेल तो प्रत्येकच म्हणेल की आम्ही धुतला होता. तुमची चादर खरंच चांगली होती, याले पुरावा काय?

माझ्याजवळ पुरावा नव्हता. चादरी तं लोकांच्या घरी वापरून विरल्या, अन् आत्याच्या पेटीतली एक घरीच राहिली होती. मी आत्याकडं पाहिलं, आत्या माझ्याकडं. मनात आलं, संपलं आता, माग विकाचे. तेवढ्यात मांगून तुझा आवाज आला.

"साहेब, ती चादर मी परत केली होती. भांडारपाल मीच होतो."

मी वळून पाहिलं. हातात कापडी थैली, अन् एका हातानं तू बाक चाचपत पुढं येऊन राहिला होता. एका शिपायानं तुझा हात धरला. तू थैलीतून दोन चादरी काढल्या अन् टेबलावर टाकल्या. एक आमची, नमुन्याची म्हणून भांडारात ठेवलेली. दुसरी ज्याची पास झाली त्या व्यापाऱ्याची. दोन्हींवर तुझ्या दवाखान्याचा शिक्का. पुढं जुना माल लिलावात निघाला तेव्हा दोन्ही तू विकत घेतल्या अन् पावती बी ठेवली. चोरी केली असं कोणी म्हणू नये म्हणून ती पावती तू आधी दाखवली, त्यावर सारे हसले. मले मात्र हसू आलं नाही.

व्यापाऱ्याची चादर आणली तेव्हा पापडासारखी कडक होती, असं तू सांगतलं. खळीनंच वजन भरलं होतं. आता ती उजेडासमोर धरली तं पलीकडचा माणूस दिसे. तू म्हणाला, दोन्ही चादरी माझ्याच बाजेवर टाकतो, आलटून पालटून, दोन्ही धुतो. मोजा. त्या अधिकाऱ्यानं सोता पट्टी घेतली. व्यापाऱ्याची चादर बाजेलेच पुरणार नाही इतकी आखडली होती. आमची? परत करताना तू जेवढी लिहिली होती, तेवढीच. एक बोट बी कमी नाही. आटाची तेवढी तलावावरच आटली होती.

मंग तू म्हणाला, "नियमानं मी बरोबर होतो साहेब. पण आजारी माणूस नियमावर निजत नाही, चादरीवर निजते."

अधिकाऱ्यानं विचारलं, हे तेव्हाच काहून नाही सांगतलं? माझा बी हाच सवाल होता दादा. इतकी वर्षं तोच मनात घेऊन मी निजली अन् उठली. तू माझ्याकडं तोंड केलं, तुले मी दिसत होती का नव्हती कोणास ठाऊक, अन् म्हणाला, "संस्थेची सचिव माझी सख्खी बहीण आहे. मी तोंड उघडलं असतं तं लोक म्हणाले असते, बहिणीचा माल पास केला. तिच्या संस्थेले जन्माचा डाग लागला असता. म्हणून गप राहिलो. धुऊन मोजा असं कायद्यात लिहिलेलं असतं तं मले गप राहण्याची गरज पडली नसती. ते लिहा, एवढंच मागाले आलो."

त्यानंतर काय झालं ते मले विचारू नको, पदर डोळ्याले होता. एवढं आठवते की अध्यक्षानं तुले बसाले खुर्ची देली अन् त्या अधिकाऱ्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यावर घेऊन काहीतरी लिहून घेतलं. मी बाहेर येऊन तुले शोधलं, तं तू रुचिकाच्या गाडीवर बसून निघून गेला होता. असं पळतात का?

मले वाटे तुले आपली नोकरी प्यारी होती. तुले भीती होती ते माझ्या नावाची, हे मले कधीच सुचलं नाही. बहीण असून सुचलं नाही. तुझे उपकार कसे मानू ते मले समजत नाही, अन् 'उपकार' हा शब्द भावाले लिहाचा नसते हे बी माहीत आहे.

अन् आत्या उठून गेली नाही. शेवटपर्यंत बसली होती. परतताना बस मौद्याले थांबली. मंग खिडकीबाहेर पाहत म्हणे, "चादर चांगली मऊ झाली होती." थोड्या वेळानं विचारे, "अन् तो वकील काहून नाही आला?" म्हातारीनं सारं ओळखलं आहे.

दिवाळीनंतर आपल्या गावची मंडईची जत्रा आहे. ये. या वेळेस मी 'ये' म्हणून राहिली, तं हे ऐक.

तुझी रुखमा


आंधळगाव, १६ डिसेंबर

दादा,

कायदा झाला! रुचिकानं फोनवर सारं वाचून दाखवलं. अंगाले लागणारा कपडा धुऊन, वाळवून मंग मोजाचा. परत केला तं कारण लिहून द्याचं. बाद करण्याआधी ऐकून घ्याचं, अन् ज्या संस्था न ऐकता बाद झाल्या त्यांनी पुन्हा अर्ज कराचा. मी तिले दोनदा वाचाले लावलं. त्यात तुझं नाव कुठं नाही, कायद्यात कोणाचं नसतेच म्हणे. पण आमच्या घरी आम्ही ते तुझ्याच आवाजात ऐकलं.

कायद्याचं समजेपर्यंत माग विकाचं थांबवलं होतं, आता तुझे भाऊजी सकाळपासून त्यांचे जाळे काढून राहिले. बिड्या वळणाऱ्या बायांपैकी तिघी आताच येऊन बसल्या, म्हणतात सुताच्या कांड्या भराले द्या, हात विसरले का पाहू.

मंडईले आला, घर भरल्यासारखं झालं. आत्या तुझ्याशी बोलली नाही याचं मनाले लावून घेऊ नको. ती सोता लावून घेऊन बसली आहे. तू जेवत होता तेव्हा न विचारता दुसऱ्यांदा वडे कोणी वाढले, ते तुले दिसलं नसेल. आत्यानं वाढले. सुनांले बी ती असं वाढत नाही.

डोळ्यांचं काय केलं ते कळव. आता माग पुन्हा लागतील तेव्हा तुले ते नीट दिसले पाहिजेत.

रुखमा


आंधळगाव, २२ फेब्रुवारी

दादा,

आज चादरी पास झाल्या. हे पत्र घाईत लिहून राहिली, कारण उद्या सकाळी तुझे भाऊजी नागपूरले येतात, त्यांच्याच हाती देते.

संस्था पुन्हा पात्र झाल्यावर भेटलेलं हे पहिलं काम, दुसऱ्याच दवाखान्याचं, लहानसंच. भांडारात आता एक नवीन पोरगी आहे, तुझ्या रुचिकाच्या वयाची. तिनं मधल्याच गठ्ठ्यातून एक चादर काढली, बादलीत भिजवली, चोळली, पिळली अन् उन्हात टाकली. ती वाळेपर्यंत आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो. एवढा धाक मले माझ्या लग्नात बी वाटला नव्हता. या वेळेस आम्ही आटण्याचं धरून लांब विणली होती तरी. पोरीनं वाळलेली चादर टेबलावर टाकली, पट्टी लावली, अन् हसली. भरून दोन बोटं जास्त.

सही करता करता ती म्हणे, आज्जी, हा धुऊन मोजाचा नियम भल्ला त्रासाचा आहे, अर्धा दिवस जाते. कोणाच्या डोक्यातून निघाला हा? मी तोंड उघडणार, तं आत्या माझ्या आधी बोलली.

"आमच्या चंद्रभानच्या," आत्या म्हणाली.

नाव घेतलं दादा. इतक्या वर्षांनी घेतलं, अन् असं घेतलं जसं सकाळी-संध्याकाळी घेत असते. मी मान फिरवली. आत्यानं मले ढोसलं अन् म्हणे, रडतेस कायले, गठ्ठे मोजून घे.

घरी आल्यावर तिले सांगतलं की परवा तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, सरकारी दवाखान्यात. तिनं विचारलं, तिथं चादर कोणती टाकतात? मी म्हटलं, आत्या, कायदा आता कुठं झाला, जुना माल संपेपर्यंत जुन्याच राहतील. ती आत गेली अन् पेटी उघडल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं पाहते तं न्हाणीत बसून ती चादर धुऊन राहिली. तीच, परत आलेल्यांपैकी शेवटची, तिच्या सोताच्या दुखण्यासाठी ठेवलेली. मी म्हटलं, आत्या, ही तं धुतलेलीच आहे, आपणच तलावावर धुतली होती. म्हणे, पेटीत पडून वास लागला असेल, ऑपरेशनच्या माणसाले चालत नाही. मी हात लावाले गेली तं हात झटकला. सोताच पिळली, सोताच दोरीवर टाकली, अन् वाळेपर्यंत बाज टाकून तिथंच बसली. तुमच्या दुखण्यात मंग काय टाकाचं, असं मी विचारलं. "माग चालू झाले ना आता," एवढंच म्हणाली.

तुझ्या भाऊजीजवळच्या पिशवीत ती चादर आहे. डोळ्यावर पट्टी असेल तेव्हा ही खाली टाक, रुचिकाले तसं सांग. आत्यानं निरोप देला आहे, तो तिच्याच शब्दात लिहिते: "त्याले म्हणावं, ही मोजू नको. निज हिच्यावर."

तुझी रुखमा